व्याह्याला पूल दाखवायचा होता

पळसटेकला पाहुणा आला की त्याला आधी पाणी मिळतं, मग चहा मिळतो आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत उकंडराव त्याला पूल पाहायला घेऊन जातात. पाहुणा त्यांच्याच घरचा असला पाहिजे असं काही नाही. शेजारच्या घरी मयतीला आलेल्या माणसालासुद्धा त्यांनी तिसऱ्याच्या दिवशी, "चला, जरा मन रमन तुमचं," असं म्हणून नदीवर नेलेलं आहे. गावाने हे आता मान्य केलं आहे. कोणाच्या घरी नवा जावई पहिल्यांदा येणार असला, तर सासरा आधीच कानात सांगून ठेवतो, "आबा आले त जाऊन ये एकदा. लवकर सुटका होते."

पळसटेक चिखली तालुक्यातलं, उंद्री आणि अमडापूर यांच्या मधल्या आडरस्त्यावरचं गाव. नदी म्हणाल तर वर्षाचे आठ महिने तिच्यात म्हशी बसलेल्या असतात. पूर्वी तिच्यावर नुसता रपटा होता. चार सरी जोरात आल्या की पाणी त्याच्यावरून वाहायचं आणि गाव अलीकडे बसायचं. मग तिथे पूल आला. साधा सरकारी सिमेंटचा पूल, जिल्ह्यात असे ढिगाने असतील. पण पलीकडच्या काठावर सरळ रेषेत एक जुनी विहीर आली आणि विहिरीच्या मालकाने जागा द्यायला साफ नकार दिला. म्हणून पूल शेवटाकडे थोडा वळला. त्या वळणाने उकंडराव कामातून गेले.

त्यांचं नाव उकंडराव पडलं त्याचीही गंमत आहे. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून ते जन्मताच आईने त्यांना उकंड्यावर ठेवलं आणि तिथून उचलून आणलं, म्हणजे कोणाची नजर लागू नये. ज्या माणसाची सुरुवातच उकिरड्यावरून झाली, त्याने पुढे जन्मभर देखणेपणाच्या मागे लागावं, हे दैवालाही सुचलं नसतं. तरुणपणी नुसता डांबराचा रस्ता ओतत असले तरी उकंडराव बैल सोडून पाहत उभे राहायचे. समृद्धी महामार्ग झाला तेव्हा ते एस.टी.ने मेहकरला गेले, चढउताराचे रस्ते जिथे एकमेकांत गुंतले आहेत तिथे उन्हात उभे राहिले आणि घरी येऊन बायकोला म्हणाले, "अवं, सरकारनं जिलेबी तळली वं!" ओंकारेश्वरला गेले तर देवाचं दर्शन उभ्या-उभ्या उरकलं आणि झुलत्या पुलावर मात्र इतका वेळ रेंगाळले की गाडीतल्या लोकांनी त्यांना शोधायला माणूस पाठवला.

पुलातलं त्यांना कळतं काय? काहीच नाही. किती टनाचा, लोखंड कुठलं, ठेकेदार कोण, याच्याशी त्यांना घेणंदेणं नाही. खांबाचा माथा नि पुलाचं पोट यांच्यामध्ये जे काळं जाड रबर असतं त्याला ते 'उशी' म्हणतात. एका इंजिनिअरने त्याचं खरं नाव सांगून पाहिलं. उकंडरावांनी ते तीनदा म्हणून घेतलं आणि चौथ्यांदा पुन्हा उशीच म्हणाले. त्यांचं म्हणणं एवढंच, की नदीत खालच्या अंगाला जो काळा खडक आहे त्याच्यावर उभं राहून बघा. खांब ओळीने पाण्याला निघालेल्या बायांसारखे दिसतात आणि शेवटच्या दोघी जरा वळून बघतात. बस, एवढंच. ज्याला दिसलं त्याला दिसलं.

बायको अन्नपूर्णाबाई मात्र नदीवर कधी आली नाही. "तुम्ही पाहा पूल, मी पाह्यते घर," असं म्हणून ती कामाला लागायची. त्याचं उकंडरावांना वाईट वाटत नसे, कारण त्यांची सारी हौस दुसऱ्याच माणसावर अडकली होती. तो माणूस म्हणजे त्यांचे व्याही, बीबीचे किसनराव.

लेक प्रेरणा बीबीला दिली. स्थळ पाहायला गेले तेव्हा परतताना सगळ्यांनी विचारलं, मुलगा कसा वाटला? उकंडराव म्हणाले, "पोरगा बरा हाय. पन त्या वाटंवरची दगडी मोरी पाह्यली का? काय कमान हाय!" तरी लग्न झालं आणि चांगलं झालं. प्रेरणा सुखात आहे. अडचण निघाली ती किसनरावांची. बीबी पडतं लोणार तालुक्यात, आणि लोणारचं सरोवर किसनराव असं दाखवतात की जणू तो उल्कापात त्यांनीच सांगून घडवून आणला. उकंडराव बीबीला गेले की किसनराव त्यांना गाडीत घालून विवराच्या काठावर नेऊन उभं करतात, कमरेवर हात ठेवतात आणि म्हणतात, "पाहा इवाईबुवा. आभायातून दगड आला अन् येवढं झालं. जगातून लोकं येतात पाहाले."

एकदा उकंडरावांना राहवलं नाही. ते म्हणाले, "दगड आला त आला. त्याच्यात मानसाचं काय? आमचा पूल या पाहाले. मानसाच्या हातानं उभा राह्यला थो."

"पुलात काय पाहाचं इवाईबुवा? पुलावरून जा लागते."

"अन् खड्ड्यात काय पाहाचं? खड्डाच पाहाचा त आमच्या जुन्या रस्त्यावर पायलीचे पन्नास होते."

प्रेरणाच्या सासूने तेव्हा पटकन चहा आणला म्हणून विषय तिथेच थांबला. पण ते बोलणं दोघांच्याही मनात राहिलं. लग्नाला वर्षं झाली, नात झाली, ती छकुली बोलायला लागली, तरी किसनराव पूल पाहायला काही आले नाहीत. उकंडरावांनी सबंध जिल्हा त्या खडकावर उभा करून पाहिला असेल. हा एक माणूस राहिला होता आणि त्या एकाच्या नसण्याने बाकी सगळ्यांचं पाहणं फुकट गेल्यासारखं त्यांना वाटायचं.

आणि यंदा संक्रांतीच्या तोंडावर किसनरावांचा फोन आला. "सूनबाईले सोडाले मीच येतो म्हन्तो. तुमचा पूल बी पाहून घेतो एकदा. म्हन्जे तुमचं समाधान होईल."

उकंडराव फोन ठेवून नाचायचेच बाकी होते. मग एकदम खाली बसले. पूल दाखवायचा कसा? पूल दिसतो कुठे?

झालं होतं असं, की अलीकडे गावच्या नवतरुण मित्रमंडळाला पुलाच्या कठड्याचा शोध लागला होता. पलीकडच्या मोठ्या रस्त्यावरून जाणाऱ्याला तो कठडा लांबून दिसतो. मग काय, आज ह्या नेत्याचा वाढदिवस, उद्या त्या नेत्याची निवड, परवा दहावी पास झालेल्या पोरांचं अभिनंदन. पोळ्याच्या स्पर्धेत एका बैलाचा पहिला नंबर आला तर त्याचंही बॅनर लागलं. उकंडरावांना त्यातल्या त्यात बैलाचं बॅनर सहन झालं, कारण तो हसत नव्हता आणि त्याने हात जोडलेले नव्हते. पण बॅनरवर बॅनर लागून पुलाची सारी बाजू झाकली गेली आणि ते वळण तर फडफडणाऱ्या चेहऱ्यांच्या मागे पार बुडून गेलं.

उकंडराव मंडळाच्या अध्यक्षाकडे गेले. चंद्रशेखर हा अध्यक्ष म्हणजे अंगाने सडपातळ पण उत्साहाने दांडगा पोरगा. गावात कोणाचं काही निघालं की बॅनर लावल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नाही.

"चंद्या, बाप्पा, माह्ये इवाई येऊन राह्यले पूल पाहाले," उकंडराव हात जोडून म्हणाले. "सहा वर्षांत पह्यल्यांदा. तेवढे तुह्ये बॅनर उतरव रे. एका दिवसापुरते."

चंद्रशेखर उठून उभाच राहिला. "आबा, हात कायले जोडता? तुमचे पाहुने थे गावाचे पाहुने. सारे बॅनर उतरवतो. एकबी ठेवत नाही."

"नक्की ना बे?"

"आबा, जबान दिली. तुम्ही टेन्शन घेऊच नका." मग त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "इवायाचा फोटो हाय का तुमच्यापाशी?"

पोरांनी पाहुण्याला ओळखून रामराम घालावा, म्हणून विचारत असेल, असं उकंडरावांना वाटलं. त्यांनी मोबाईल काढला. किसनराव लोणारच्या काठावर कमरेवर हात ठेवून उभे आहेत, असा एक फोटो होता. चंद्रशेखरने तो आपल्याकडे घेतला आणि पोराच्या या समंजसपणाचं उकंडरावांनी रस्ताभर कौतुक केलं.

पाहुणे यायच्या दिवशी ते उजाडताच नदीवर गेले. चंद्रशेखर जबानीचा पक्का निघाला होता. कठडा या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा. कोवळ्या उन्हात पूल असा काही दिसत होता की उकंडराव खडकावर बसले आणि त्यांचे डोळे भरून आले. माणूस साठी उलटल्यावर पुलासाठी रडतो हे कोणी पाहायला नको, म्हणून त्यांनी नदीत तोंड धुतलं आणि घाईने आंघोळीला घरी गेले.

किसनराव चिखलीकडून, गावाच्या वरच्या रस्त्याने आले, त्यामुळे वाटेत पूल लागला नाही. उकंडरावांना तेच हवं होतं. प्रेरणा आणि छकुली घरात शिरल्या, चहा झाला आणि दोन्ही व्याही नदीकडे निघाले. पूल दाखवण्याची उकंडरावांची एक रीत आहे. ते पाहुण्याला बाभळींच्या मागच्या वाटेने नेतात, पुलाकडे पाठ करून खडकावर चढवतात आणि मग म्हणतात, "फिरा आता." त्या वेळी ते स्वतः पुलाकडे बघत नाहीत, पाहुण्याच्या तोंडाकडे बघतात. पुलाइतकंच त्यांना ते तोंड आवडतं.

"फिरा आता, इवाईबुवा," ते म्हणाले.

किसनराव फिरले. आधी त्यांच्या भुवया वर गेल्या. मग तोंड उघडलं. मग हात आपोआप टोपीकडे गेला आणि टोपी सरळ झाली. "अरे बापा," ते हळूच म्हणाले. "इवाईबुवा, काय हे! काय देखनं हाय हे! मी उगाच इतले दिवस आलो नाही."

उकंडरावांना वाटलं, आता मेलो तरी चालेल. गावात जे कोणाला साधलं नाही ते साधलं होतं. बीबीच्या किसनरावांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पळसटेकच्या पुलाने आणलं होतं. "म्हनलं होतं ना मी तुमाले?" असं म्हणत ते विजयाने पुलाकडे वळले.

पूल नव्हता. पुलाच्या जागी किसनराव होते.

कठड्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच अखंड बॅनर लागलेलं होतं आणि ते इतकं खाली लोंबत होतं की खांबांचे नुसते पाय दिसत होते. मधोमध किसनराव कमरेवर हात ठेवून उभे. त्यांच्यामागचं लोणार काढून टाकलं होतं आणि तिथे कुठल्या तरी परदेशातला तारांचा लांबलचक पूल छापला होता, आबांना पूल आवडतो म्हणून. वर मोठ्या अक्षरांत 'मा. किसनरावजी यांचे पळसटेक नगरीत सहर्ष स्वागत'. खाली 'स्वागतोत्सुक' म्हणून उकंडरावांचा आधार कार्डावरचा फोटो आणि त्याच्याखाली ओळीने मित्रमंडळ. पुलावर उभा राहून चंद्रशेखर दोन्ही हात हलवत होता. त्याला आपल्या आबांसाठी काय करू नि काय नको असं झालं होतं, हे इतक्या लांबूनही कळत होतं.

"बीबीत माह्या घराण्याचं कोनाचं बॅनर नाही लागलं आजवर," किसनराव म्हणाले. "ना बापाचं, ना माह्यं. पोराच्या सासऱ्यानं लावलं. इवाईबुवा, तुम्ही मानूस मोठे."

उकंडरावांनी हात जोडले. किसनरावांना वाटलं, विनयाने जोडले.

घरी जेवणाची तयारी होती. रोडगे, वांग्याची भाजी, वरण, तूप, हरभऱ्याच्या ताज्या घाट्यांची उसळ. किसनराव ओसरीवर बसून फोन लावत सुटले होते. "हो, पुलावर! अख्ख्या पुलावर!" उकंडराव मात्र स्वयंपाकघरात येऊन चुलीपाशी उकिडवे बसले. त्यांचं तोंड पाहून अन्नपूर्णाबाई म्हणाली, "काऊन हो? पाहुन्याले पूल नाही आवडला?"

"पाह्यलाच नाही त्यानं. त्याले त्याचं तोंड आवडलं."

"मंग उतरवा म्हना बॅनर."

"कसं उतरवाचं? इवायाचं तोंड हाय त्याच्यावर. आपली पोर त्याच्या घरी नांदते. उद्या म्हनन, पाहुना म्हनून बलावलं अन् माह्या डोळ्यादेखत माह्या फोटोले दोऱ्या कापल्या." "सहा वर्षं वाट पाह्यली. आता संध्याकायी थे जातीन परत. अन् जगात थो येकच मानूस राहीन ज्यानं पूल नाही पाह्यला."

अन्नपूर्णाबाईने निखाऱ्यावरचा रोडगा उलटला. "येकच काऊन?" ती म्हणाली. "मी त कवाच नाही आली ना तुमच्या खडकावर."

"तुह्यं येगळं हाय. तुले त्याचं काय?"

"सकाऊन घाटे तोडाले गेलती मी वावरात," ती रोडग्याकडेच बघत म्हणाली. "मान वर केली, त इवाईबुवा. येवढाले! मले काही करमलंच नाही मंग."

उकंडरावांना काही उमगेना. "वावरातून पूल दिसते?"

"रोज दिसते. निंदून निंदून कंबर भरून आली की मानूस वरच पाह्यते ना. सकाऊनच्या पारी ऊन आडवं आलं की त्या वळनावरचे दोन खांब पह्यले पिवळे होतात. बाकीचे मंग. आबूट असलं, ढग असले त नाही होत." तिने रोडगा परातीत टाकला. "चांगलं वाटते."

वळणावरचे खांब आधी पिवळे होतात हे उकंडरावांना माहीत नव्हतं. खडकावरून ते कळणारही नव्हतं. सारा जिल्हा हाताला धरून नदीवर नेला आणि आपल्याच चुलीपुढे बसलेल्या बाईला एका शब्दाने विचारलं नाही, याची त्यांना भयंकर लाज वाटली. "मंग कधी बोलली काऊन नाही वं?"

"बोलू देता कधी? पुलाचं सारं त तुम्हीच बोलता."

मग तिने पदराने हात पुसले, परात उचलली आणि ती पंगतीत वाढायला गेली. किसनरावांच्या ताटात तूप सोडता सोडता ती सहज म्हणाली, "इवाईबुवा, येक सांगू का? बॅनर लय झ्याक झालं. पन अथी कोन पाह्यते त्याले? म्हशी पाह्यतात."

किसनरावांचा घास हातात थांबला.

"बीबीत लावलं त पाहीन कोनी ओळखीचं," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "अन् आमच्या पोरायचं काही खरं नसते बाप्पा. उद्या त्याच जागी बैल लावतीन."

"बैल?" किसनराव म्हणाले.

"मागं लावला होता."

किसनरावांनी उसळ अर्धी टाकली. हात धुतले, न धुतले आणि पायात वहाणा सरकवल्या. "इवाईबुवा, चला. ऊन हाय तवर सोडून घेऊ. दोऱ्या कापू नका म्हना पोरायले, गाठी सोडा लागन. चुरगयलं नाही पाह्यजे."

उकंडरावांना वाटलं होतं तसं चंद्रशेखरला वाईट मुळीच वाटलं नाही. आपलं बॅनर तालुक्याची हद्द ओलांडून बीबीला चाललं, या अभिमानाने तोच सर्वांत आधी कठड्यावर चढला. इकडून तो आणि उकंडराव, तिकडून स्वतः किसनराव, अशा एकेक गाठी सुटू लागल्या. किसनराव आपल्या चेहऱ्याला सुरकुती पडू नये म्हणून इतक्या हलक्या हाताने गुंडाळत होते की छकुलीला पाळण्यातून उचलतानासुद्धा प्रेरणाने त्यांना एवढी काळजी घेताना पाहिलं नव्हतं. आधी मित्रमंडळ गेलं. मग उकंडराव गेले. मग परदेशातला पूल गेला. शेवटी किसनराव स्वतःच्या बगलेत गेले.

पुलाची बाजू मोकळी झाली होती. पण पुलावर उभ्या असलेल्या माणसाला ती बाजू दिसत नाही, हे उकंडरावांना त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. इतक्या वर्षांत ते नेहमी खडकावरच असायचे. त्यांनी कठड्याला रेलून खाली पाहिलं. खडकावर कोणी नव्हतं. पलीकडे हरभऱ्याच्या वावरात, बांधावर, अन्नपूर्णाबाई आली होती. एक हात कमरेवर नि दुसरा डोळ्यांवर आडवा धरून ती पुलाकडेच बघत उभी होती. प्रेरणा नि छकुली तिच्या बाजूला होत्या.

बीबीला निघायची घाई झालेले किसनराव बगलेतलं भेंडोळं सावरत म्हणत होते, "चला इवाईबुवा, झालं." उकंडरावांनी ते ऐकलंच नाही. किसनरावांनी पूल पाहिला की नाही, हे विचारायचंही त्यांच्या डोक्यातून गेलं होतं. त्यांनी तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि गावाला ऐकू जाईल एवढ्याने हाक मारली.

"अवं! दिसते का?"

"हाव!" वावरातून उत्तर आलं. "दिसते! पन तुम्ही दोघं मधातून सरका ना हो!"